दारातलं जनावर रोगाचा साठा आहे का? त्वचेच्या लिश्मानियासिसमध्ये हे कसं तपासायचं

घरातल्या मुलाच्या गालावर एक न दुखणारी पुटकुळी येते. महिना उलटतो, तिच्या कडा उंचावतात, मध्ये खड्डा पडतो, मलमं लावून काही फरक पडत नाही. तपासणीत त्वचेचा लिश्मानियासिस निघतो. मग कुणाचं तरी लक्ष दारात झोपलेल्या कुत्र्याच्या कानाकडे जातं. तिथेही खपली असते. कुत्र्यानेच मुलाला रोग दिला, असं त्या क्षणीच ठरून जातं.

असं ठरवण्याआधी जे काम करायला हवं, त्याबद्दल हा लेख आहे. पशुवैद्यकाचे विद्यार्थी, साथीच्या तपासाला जाणारे आरोग्य कर्मचारी, नमुने तपासणारे प्रयोगशाळेतले लोक आणि ज्यांच्या घरी जनावरं आहेत असे सगळे वाचक डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. जनावराच्या अंगात परजीवी सापडणं आणि ते जनावर रोगाचा साठा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामधलं अंतर पुराव्याने भरून काढावं लागतं. ते न करता कारवाई केली की जनावरं जातात आणि रोग तिथेच राहतो.

आधी साखळी समजून घ्या

लिश्मानिया हा एकपेशीय परजीवी आहे. तो एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो तो वाळूमाशीच्या चाव्यातून. ही माशी जेमतेम दीड ते तीन मिलिमीटरची, केसाळ, बसताना पंख इंग्रजी ‘व्ही’सारखे उभे धरणारी. तिचा आवाज येत नाही, म्हणून कित्येकांना आपल्याला ती चावते हेच ठाऊक नसतं. ती डासासारखी पाण्यात वाढत नाही. ओलसर माती, शेण, कुजका पाचोळा, भिंतींच्या भेगा आणि उंदीर-घुशींची बिळं ही तिची जागा. रक्त फक्त मादी पिते, तेही बहुतेक संध्याकाळनंतर. उडणं अशक्त असल्याने ती सहसा काही शे मीटरच्या आतच फिरते. ही शेवटची गोष्ट तपासात फार उपयोगी पडते, कारण रोगाचा उगम बहुधा चाव्याच्या जागेपासून फार लांब नसतो.

कुत्र्याला हात लावल्याने, त्याने चाटल्याने किंवा एका खोलीत झोपल्याने त्वचेचा लिश्मानियासिस होत नाही. मध्ये माशी लागतेच. घरच्यांना ही गोष्ट पहिल्याच भेटीत सांगा. तेवढ्याने अर्धी भीती उतरते.

आता ‘साठा’ हा शब्द. ज्या प्राण्यांमुळे परजीवी त्या भागात वर्षानुवर्षं टिकून राहतो, तो साठा. माशीचा हंगाम संपला, चार-सहा महिने एकही माशी उडली नाही, तरी पुढच्या हंगामाच्या पहिल्या माश्यांना ज्याच्या अंगातून परजीवी मिळेल, तो खरा साठा. जो प्राणी माणसासारखाच चुकून चावला गेला आणि ज्याच्यापासून पुढे कुणालाच लागण होत नाही, तो योगायोगाने बाधित झालेला. त्याच्यापर्यंत येऊन साखळी संपते. बाहेरून दोघं सारखेच दिसतात. दोघांच्याही कानावर तीच खपली असते.

पहिली पायरी : माणसांपासून सुरुवात करा

जनावरांना सुई लावण्याआधी माणसांचे नमुने तपासून परजीवीची प्रजाती ठरवून घ्या. हे काम खर्चाचं वाटतं म्हणून टाळलं जातं आणि पुढचा सगळा तपास अंधारात होतो. कारण संशयित कोण, हे प्रजातीवर ठरतं.

लिश्मानिया मेजर असेल, तर मुख्य साठा बिळात राहणारे रानटी उंदीरवर्गीय प्राणी असतात. मध्य आशियात मोठा जर्बिल, उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात वाळवंटी उंदीर आणि मेरिओनेस जातीचे जर्बिल. तिथे कुत्र्याच्या अंगात मेजर सापडला तरी पहिली नजर बिळांकडे गेली पाहिजे. लिश्मानिया ट्रॉपिका असेल, तर काबूलसारख्या शहरांत माणूस हाच साठा आहे. रुग्णाच्या उघड्या फोडावरून माशी उठते आणि शेजाऱ्याला चावते. हाच ट्रॉपिका इस्रायल-पॅलेस्टाइनच्या खडकाळ भागात मात्र हायरॅक्स या लहानशा प्राण्यात टिकून आहे. म्हणजे प्रजातीचं नाव एकच असलं तरी जागेनुसार साठा बदलतो. इथिओपियातल्या डोंगराळ भागात एथिओपिका प्रजाती आहे आणि तिचाही साठा हायरॅक्सच.

लिश्मानिया इन्फँटम असेल, तर कुत्र्याविरुद्धचा संशय खरोखर बळकट असतो. १९०८ मध्ये फ्रेंच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ शार्ल निकोल यांनी ट्युनिसमध्ये कुत्र्यांत हा परजीवी दाखवला. भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत आणि ब्राझीलमध्ये पाळीव कुत्रा हा त्याचा मुख्य साठा मानला जातो. या प्रजातीने होणारा पोटातला, म्हणजे यकृत-प्लीहेला ग्रासणारा, रोग जास्त गाजलेला असला तरी ती त्वचेवरचे फोडही आणते. दक्षिण अमेरिकेतल्या ब्राझिलिएन्सिस प्रजातीबद्दल चित्र इतकं स्पष्ट नाही. कुत्रे, गाढवं, खेचरं आणि घोड्यांच्या फोडांत ती सापडली आहे, पण रानातले उंदीरवर्गीय प्राणीही बाधित असतात, आणि पाळीव जनावरं साखळी चालवतात की नुसती सापडतात याबद्दल मतभेद आहेत. भारतातसुद्धा एकच उत्तर नाही. बिकानेरच्या कोरड्या भागात ट्रॉपिका, तर हिमाचलातल्या सतलज खोऱ्यात आणि केरळच्या पश्चिम घाटात डोनोवानी, जी एरवी काळा आजार करणारी म्हणून ओळखली जाते.

प्रजातीसोबत रुग्णांची यादी नीट करा. वय, लिंग, फोड कुठे आहे, कधी दिसला, त्याआधीच्या काही महिन्यांत रात्री कुठे झोपत होते. रुग्ण सगळे रानात किंवा शेतावर रात्र काढणारे तरुण पुरुष असतील, तर चावा घराबाहेर झाला असण्याची शक्यता मोठी. लहान मुलं, म्हाताऱ्या बायका, घरातून न हलणारे आजारी लोक यांनाही फोड आले असतील, तर माशी घरात किंवा गोठ्याजवळ चावते आहे. नकाशावर घरं मांडा. एकेका घरात दोन-तीन रुग्ण दिसले तर त्या घराभोवतीच्या शंभर-दोनशे मीटरमध्ये काय आहे ते स्वतः पायी फिरून बघा. बिळं, दगडी कुंपणं, कचऱ्याचे ढीग, शेणाचे खड्डे, सगळं नोंदवा. माझ्या मते या एका फेरीतून जे कळतं, ते नंतरच्या महागड्या चाचण्यांतूनही बऱ्याचदा कळत नाही.

दुसरी पायरी : कोणती जनावरं आणि किती

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त आजारी दिसणारी जनावरं निवडणं. खपली असलेले पाच कुत्रे तपासले, तीन बाधित निघाले आणि अहवालात ‘साठ टक्के कुत्रे बाधित’ असं छापलं गेलं, तर तो आकडा निरर्थक आहे. घरांची यादी करा, तिच्यातून चिठ्ठ्या काढल्यासारखी घरं निवडा आणि त्या घरातलं प्रत्येक जनावर तपासा, निरोगी असो वा नसो. कुत्री, मांजरं, घोडे, गाढवं, खेचरं, गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्या, जे आहे ते. भटक्या कुत्र्यांचा वेगळा गट ठेवा.

संख्येबद्दल एक साधा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. जितकी जनावरं तपासली आणि एकही बाधित निघालं नाही, त्या संख्येने ३ ला भागा. जो अंश येईल, तितक्यापर्यंत लागण असूनही ती तुमच्या नजरेतून सुटली असू शकते. ६० कुत्रे तपासले आणि सगळे निर्मळ निघाले, तरी गावातल्या ५ टक्के कुत्र्यांपर्यंत लागण असू शकते. ३०० तपासले तर ही मर्यादा १ टक्क्यावर येते. म्हणून ‘दहा शेळ्या तपासल्या, काही नाही’ या वाक्याने शेळ्या सुटत नाहीत. ही मर्यादा धरण्यापुरती चाचणी अचूक मानलेली आहे. चाचणी कमी पकडणारी असेल तर मर्यादा आणखी वर सरकते.

प्रत्येक जनावराच्या कागदावर वय, जन्म कुठे झाला, बाहेरून आणलं का, रात्री कुठे बांधतात किंवा झोपतं, गळ्यात कीटकनाशक पट्टा आहे का, हे लिहा. वयाची नोंद सोन्यासारखी असते. गेल्या हंगामानंतर जन्मलेलं पिल्लू बाधित निघालं, तर लागण अलीकडची आणि बहुधा तिथलीच. मात्र इन्फँटममध्ये आईकडूनही पिल्लाला लागण होऊ शकते, हे विसरू नका. बाहेरगावाहून आणलेला आठ वर्षांचा कुत्रा बाधित निघाला, तर त्याने तो रोग कुठून आणला हे सांगता येत नाही.

शक्य असेल तर तीच जनावरं दोनदा तपासा, माशीचा हंगाम सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर. पहिल्या वेळी निर्मळ आणि दुसऱ्या वेळी बाधित निघालेली जनावरं म्हणजे नवी लागण. एकाच वेळी काढलेल्या आकड्यात जुनं आणि नवं मिसळून जातं.

तिसरी पायरी : हात लावण्याआधी

ही पायरी लहान आहे, पण इथे तडजोड नको. अनोळखी कुत्र्यांना हाताळणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची लस आधीच घेतलेली असावी. हातमोजे, मुसकी, जनावर धरायला त्याचा माणूस, आणि गरजेपुरती गुंगी पशुवैद्याकडून. मालकाची परवानगी लेखी घ्या, आणि निकाल काय येऊ शकतात व त्यावर काय करणार हे आधीच सांगा. निकाल वाईट आला तर कुत्रा उचलून नेतील, या भीतीने लोक जनावरं लपवतात. ती भीती खरी असेल, तर तुमचा नमुना आधीच बिघडला.

जखम लिश्मानियाचीच आहे असं गृहीत धरू नका. कुत्र्यांतली खरूज, डेमोडेक्सचे किडे, गजकर्ण, जिवाणूंचे फोड, मांजराच्या कानाच्या टोकावरचा कर्करोग, घोड्यांतली सारकॉइड गाठ आणि माश्यांनी आणलेल्या अळ्यांच्या जखमा, या सगळ्या वरवर तशाच दिसू शकतात. मांजराच्या नाकावरची ओली जखम स्पोरोट्रायकोसिस या बुरशीची असेल, तर ती थेट माणसाला लागते. हातमोज्याशिवाय मांजराची जखम चाचपू नका.

चौथी पायरी : नमुने

आधी सगळं अंग बघा. कुत्र्यात कानाची पाळी, नाकाचा शेंडा, पापण्या, वृषणाची कातडी. घोडा-गाढवात कान, चेहरा, पाय आणि जननेंद्रियाभोवतीची जागा. मांजरात नाक आणि कान. इन्फँटमची लागण झालेल्या कुत्र्यात कोंड्यासारखी सुटणारी कातडी, डोळ्यांभोवती गेलेले केस, वाढून वाकलेली नखं आणि सुजलेल्या लसिकाग्रंथी दिसू शकतात. तरीही बाधित कुत्र्यांपैकी पुष्कळ बाहेरून ठणठणीत असतात.

जखमेचा नमुना घेताना मधल्या खड्ड्यातून घेऊ नका. तिथे पू, मेलेल्या पेशी आणि जिवाणू भरलेले असतात. खपली काढा, जागा ७० टक्के अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि उंच कडेतून पंच या गोल पोकळ पात्याने ३ मिलिमीटरचा तुकडा घ्या. तुकड्याचे भाग करा. एकाचा कापलेला पृष्ठभाग काचपट्टीवर हलकेच टेकवून ठसा घ्या, दुसरा निर्जंतुक माध्यमात संवर्धनासाठी, म्हणजे परजीवी वाढवून बघण्यासाठी, तिसरा शुद्ध इथेनॉलमध्ये पीसीआर या डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी. पीसीआरचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका, डीएनए खराब होतो. ऊतीशास्त्रासाठी हवा असेल तर फॉर्मॅलिनमध्ये वेगळा तुकडा ठेवा.

जखम नसलेल्या जनावराच्या कानाच्या निरोगी कातडीचाही छोटा तुकडा घ्या. माशी जखम शोधत फिरत नाही. ती पातळ केसांच्या साध्या कातडीवर बसते. निरोगी दिसणाऱ्या कातडीत परजीवी असेल, तर माशीला लागण होऊ शकते, आणि नेमकं हेच आपल्याला कळायला हवं. सोबत रक्त, डोळ्याच्या आतल्या पापणीचा कापसाचा स्वॅब आणि सुजलेली असेल तर लसिकाग्रंथीतून सुईने ओढलेला द्रव घ्या. पापणीचा स्वॅब कुत्र्यात इन्फँटमसाठी फार सोयीचा, जनावराला त्रासही कमी. प्रत्येक बाटलीवर तिथल्या तिथे क्रमांक घाला. संध्याकाळी आठवून लिहिलेले क्रमांक चुकतात.

पाचवी पायरी : चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही

काचपट्टी मिथेनॉलने पक्की करा, गीम्साने रंगवा आणि तेल लावून हजारपट मोठं करून बघा. मोठ्या भक्षक पेशींच्या आत २ ते ४ मायक्रॉनचे गोल किंवा लांबट गोळे दिसले आणि प्रत्येकात दोन ठिपके दिसले, एक मोठं केंद्रक आणि एक काडीसारखा कायनेटोप्लास्ट (परजीवीतला डीएनएचा वेगळा पुंजका), तर तो अमॅस्टिगोट, म्हणजे प्राण्याच्या अंगातलं परजीवीचं रूप. दोन्ही ठिपके दिसल्याशिवाय ‘लिश्मानिया’ लिहू नका. रंगाचे कण आणि बुरशीच्या पेशी नवख्या नजरेला फसवतात.

संवर्धनाला सशाच्या रक्ताचं एनएनएन माध्यम किंवा श्नायडरचं माध्यम वापरतात, २२ ते २६ अंश सेल्सियसला. दर आठवड्याला बघायचं, चार आठवडे धीर धरायचा. शेपटीवाले, वळवळणारे प्रोमॅस्टिगोट, म्हणजे माशीत आणि माध्यमात दिसणारं परजीवीचं रूप, दिसले तर जिवंत परजीवी हातात आला. पुराव्यांच्या उतरंडीत हा फार वरचा पुरावा आहे, कारण मेलेल्या परजीवीचा डीएनएही पीसीआरमध्ये दिसू शकतो, पण संवर्धनात फक्त जिवंतच वाढतो.

पीसीआरच्या बाबतीत लक्ष्य कोणतं निवडता यावर अर्थ बदलतो. कायनेटोप्लास्टमधल्या डीएनएच्या लहान वर्तुळांच्या सुमारे दहा हजार प्रती प्रत्येक परजीवीत असतात, म्हणून त्यांच्यावरची चाचणी अतिशय संवेदनशील असते. किंचितसाही अंश पकडते. पण म्हणूनच ती पॉझिटिव्ह आली म्हणजे माशीला लागण होईल इतके परजीवी अंगात आहेत, असं होत नाही. आयटीएस-१ हा डीएनएचा भाग वाढवून हे-थ्री या एंझाइमने कापला किंवा त्याची क्रमवारी वाचली, तर प्रजाती कळते. दोन्ही करा. पहिलीने शोधा, दुसरीने ओळखा. शक्य असेल तर परजीवींची संख्या मोजणारी पीसीआर जोडा.

रक्तातल्या प्रतिपिंडांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण सगळ्यात जास्त अन्याय इथूनच होतो. प्रतिपिंड म्हणजे शरीराची आठवण. जनावराची कधीतरी परजीवीशी गाठ पडली होती, इतकंच ते सांगतात. परजीवी आज अंगात आहे का, कातडीत आहे का, तो कोणत्या प्रजातीचा, याचं उत्तर त्यात नसतं. अमेरिका खंडात ट्रिपॅनोसोमा क्रूझी या वेगळ्याच परजीवीमुळेही ही चाचणी खोटी पॉझिटिव्ह येते. उलट, नुसता कातडीवर फोड असलेल्या जनावरात प्रतिपिंड इतके कमी असतात की चाचणी निर्मळ दाखवते. म्हणजे त्वचेच्या रोगात ही चाचणी दोन्ही बाजूंनी फसवू शकते. पाहणीत पहिली चाळणी म्हणून वापरा, पण एका रक्तचाचणीवरून कुठलंही जनावर मारू नका.

नेमक्या याच कारणाने गुरांबद्दलच्या बातम्या जपून वाचाव्या लागतात. नेपाळमध्ये शेळ्या, गायी आणि म्हशींच्या रक्तात पीसीआरने लिश्मानियाचा डीएनए सापडला आहे. माशी त्यांना चावते आणि परजीवी टोचते, हे त्यातून नक्की कळतं. पण त्यांच्यापासून पुन्हा माशीला लागण होते, हे तेवढ्याने सिद्ध होत नाही.

माणूस आणि जनावर यांच्यातल्या परजीवीची क्रमवारी तंतोतंत जुळली, तर दोघं एकाच साखळीत आहेत हे पक्कं. दिशा मात्र कळत नाही. कुत्र्याकडून माणसाला, माणसाकडून कुत्र्याला, की तिसऱ्याच कुणाकडून दोघांना, तिन्ही शक्यता तशाच उभ्या राहतात.

सहावी पायरी : माशीला विचारा

संध्याकाळी गोठ्यात, झोपण्याच्या खोलीत, बिळांच्या तोंडाशी प्रकाश-सापळे लावा. सापळे नसतील तर एरंडेल तेल चोपडलेले कागद उभे करा. हा जुना आणि स्वस्त उपाय आजही चांगला चालतो. माश्यांची जात नराच्या जननेंद्रियांवरून आणि मादीच्या शुक्रकोशावरून ओळखतात, त्यासाठी जाणकार सोबत लागतो.

पोट फुगलेल्या माद्या वेगळ्या ठेवा. त्यांच्या पोटातल्या रक्तावरून ते कुणाचं हे डीएनएने कळतं. शंभर पोटांपैकी कुत्र्याचं रक्त किती, गुरांचं किती, माणसाचं किती, ही टक्केवारी या सगळ्या तपासाचा कणा आहे. गावात कुत्रे भरपूर असूनही माशी त्यांना क्वचितच चावत असेल, तर ते साठा असण्याची शक्यता तिथेच घसरते.

माशीत परजीवी सापडला तर पोटात ताजं रक्त आहे का ते बघा. ताजं रक्त असेल, तर माशी नुकतीच एखाद्या बाधित प्राण्याला चावली, एवढाच अर्थ. रक्त पूर्ण पचल्यावरही आतड्यात प्रोमॅस्टिगोट टिकून असतील, तरच तो परजीवी त्या माशीत वाढतो आहे.

गुरं आणि कोंबड्यांचं स्थान इथे वेगळंच आहे. कोंबड्यांना लिश्मानियाची लागण होत नाही, पण त्यांच्या रक्तावर माश्या पोसतात आणि खुराड्याखालच्या मातीत वाढतात. गुरं माणसाच्या वाट्याचे चावे स्वतःकडे ओढून घेऊ शकतात किंवा माश्यांची संख्या वाढवून उलटा परिणाम करू शकतात. साठा नसलेलं जनावरही रोगाचं प्रमाण बदलू शकतं, म्हणून ते यादीतून गाळू नका.

सातवी पायरी : जनावरापासून माशीला लागण होते का

हा प्रश्न सोडवल्याशिवाय ‘साठा’ हा शब्द लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. पद्धतीला झेनोडायग्नोसिस म्हणतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या, कधीही रक्त न प्यालेल्या स्वच्छ माद्या एका छोट्या जाळीदार डबीत घेऊन जनावराच्या कानाच्या किंवा पोटाच्या कातडीवर काही मिनिटं ठेवतात. पोट भरलेल्या माद्या पाच ते सात दिवस जगवतात आणि मग एकेक उघडून आतड्यात परजीवी शोधतात. माश्यांची वसाहत फार थोड्या प्रयोगशाळांकडे असते, त्यामुळे हे काम सहकार्यानेच होतं.

यातून आलेले निकाल डोळे उघडणारे आहेत. इन्फँटमने बाधित कुत्रे माश्यांना सहज लागण करतात, मांजरांपासूनही ती झाल्याचं दिसलं आहे. याउलट दक्षिण अमेरिकेतल्या त्वचेच्या रोगाने बाधित कुत्र्यांवर पोसलेल्या माश्यांपैकी फारच थोड्यांना लागण झाली. कानावर तेवढीच मोठी जखम, पण पुढे जाण्याची ताकद कितीतरी कमी.

आठवी पायरी : गुणाकार

आता सगळे आकडे एकत्र आणा. एखाद्या प्राण्याचा वाटा म्हणजे त्याच्या वाट्याला येणारे चावे, त्यातले बाधित किती आणि बाधितावरच्या एका चाव्यातून माशीला लागण होण्याची शक्यता, या तिघांचा गुणाकार.

समजा, हे आकडे फक्त उदाहरणापुरते, १०० चाव्यांपैकी ५० गुरांना, ३० माणसांना, १५ कोंबड्यांना आणि ५ कुत्र्यांना होतात. माणसांपैकी ४ टक्के बाधित, आणि त्यांच्यावरच्या दर १० चाव्यांतून १ माशी बाधित होते. कुत्र्यांपैकी तब्बल २० टक्के बाधित, पण त्यांच्यावरच्या दर १०० चाव्यांतून १ माशी बाधित होते. माणसाचा वाटा ३० × ०.०४ × ०.१० म्हणजे ०.१२. कुत्र्याचा ५ × ०.२० × ०.०१ म्हणजे ०.०१. बाधितांचं प्रमाण कुत्र्यांत पाचपट असूनही बाधित माश्या तयार करण्यात माणसाचा वाटा बारापट. अशा गावात सगळे कुत्रे नाहीसे केले तरी साथ जवळपास तशीच चालू राहील. फक्त पहिला आकडा, कुत्र्यांतले २० टक्के, बघणाऱ्याला हे कधीच दिसणार नाही.

या गुणाकारात काळही मिसळा. कातडीत परजीवी किती महिने टिकतो आणि जनावर किती जगतं? घोड्यांचे फोड बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप भरतात. ते हंगामाआधीच भरून आले तर पुढच्या वर्षाच्या माश्यांना तिथून काही मिळत नाही. इन्फँटमने बाधित कुत्रा मात्र वर्षानुवर्षं परजीवी बाळगतो, म्हणूनच तो तिथे पक्का साठा ठरला.

नववी पायरी : दुसरा संशयित शोधा

कुत्र्याविरुद्ध पुरावा मिळाला तरी थांबू नका आणि नाही मिळाला तर तपास गुंडाळू नका. स्पेनमध्ये माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादा भागात २००९ पासून इन्फँटमची मोठी साथ आली. त्वचेचे आणि पोटातले मिळून पुढच्या काही वर्षांत ४०० हून अधिक रुग्ण झाले. परजीवी इन्फँटम, देश भूमध्य समुद्राकाठचा, म्हणजे पुस्तकाप्रमाणे उत्तर कुत्रा. कुत्र्यांची तपासणी झाली आणि बाधितांचं प्रमाण इतक्या मोठ्या साथीला शोभेल असं निघालंच नाही. मग वस्तीला लागून नव्याने तयार झालेल्या मोठ्या उद्यानातले ससे तपासले गेले. तिथले रानससे मोठ्या प्रमाणात बाधित होते आणि झेनोडायग्नोसिसमध्ये त्यांच्यापासून माश्यांना लागण होते हेही दिसलं. कुत्र्यांच्या निकालावर तपास संपवला असता, तर हे कधीच कळलं नसतं.

घरांची तुलना करतानाही हीच सावधगिरी बाळगा. कुत्रा असलेल्या घरांत रुग्ण जास्त दिसले, तर त्या घरांना गोठाही आहे का, भिंती मातीच्या आहेत का, ती वस्तीच्या कडेला आहेत का, हे तपासा. बऱ्याचदा कुत्रा आणि रोग दोन्ही एकाच तिसऱ्या कारणाजवळ राहतात.

दहावी पायरी : थोपवून बघा

सगळ्यात बळकट पुरावा म्हणजे त्या जनावराचा माशीशी असलेला संबंध तोडून माणसांतले नवे रुग्ण कमी होतात का ते बघणं. वायव्य इराणमधल्या १८ गावांत जोड्या लावून हा प्रयोग झाला. निम्म्या गावांत कुत्र्यांना डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाचे पट्टे घातले, निम्म्यांत नाही. पट्टेवाल्या गावांत कुत्र्यांबरोबर मुलांमधलीही नवी लागण घटली. तो परजीवी इन्फँटम होता आणि रोग पोटातला, पण पद्धत त्वचेच्या रोगालाही तशीच लागू होते. एकाही कुत्र्याला न मारता साखळीतला त्याचा वाटा मोजला गेला.

कुत्री मारण्याची मोहीम मात्र ब्राझीलमध्ये वर्षानुवर्षं चालूनही रोग आटोक्यात आणू शकली नाही. मारलेल्या कुत्र्याच्या जागी लोक लवकरच नवं पिल्लू आणतात, आणि ते पिल्लू निर्मळ पण संरक्षणाशिवाय असतं.

तपास चालू असताना घरी काय करायचं

निकाल यायला महिने लागतात, तोवर हातावर हात धरून बसायची गरज नाही. कुत्र्याला डेल्टामेथ्रिन किंवा फ्लुमेथ्रिनचा पट्टा घाला, बदलण्याची तारीख लिहून ठेवा. परमेथ्रिन असलेलं कुत्र्याचं औषध मांजराला चुकूनही लावू नका, मांजराला ते विषारी असतं. संध्याकाळपासून सकाळपर्यंत कुत्रा घरात ठेवा. जनावरं बांधायची जागा झोपायच्या जागेपासून लांब न्या, शेण आणि पाचोळा रोज हलवा, भिंतींच्या भेगा लिंपा. मच्छरदाणीची जाळी साधी असेल तर वाळूमाशी तिच्यातून आत शिरते. कीटकनाशकाने भारलेली किंवा बारीक विणीची वापरा. माणसाचा फोड उघडा ठेवू नका, पट्टीने झाका, विशेषतः ट्रॉपिका असेल तर, कारण तिथे पुढची माशी त्या फोडावरूनच बाधित होऊ शकते.

कुत्रा बाधित निघाला आणि प्रजाती इन्फँटम ठरली, तर पशुवैद्याच्या देखरेखीखाली उपचार होतात. अ‍ॅलोप्युरिनॉल हे त्यातलं नेहमीचं औषध. उपचाराने कुत्रा बरा दिसू लागला तरी परजीवी अंगातून पूर्ण जात नाही, म्हणून पट्टा आयुष्यभर ठेवायचा आणि तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करायची. माणसांसाठी राखून ठेवलेलं अ‍ॅम्फोटेरिसिन बी कुत्र्याला देऊ नये, त्याला न जुमानणारे परजीवी तयार होण्याचा धोका असतो.

अहवाल लिहिताना प्रत्येक जनावरापुढे चारपैकी एकच शेरा लिहा : संपर्क आला, लागण झाली, माशीला लागण करू शकतं, रोग टिकवून ठेवतं. नुसते प्रतिपिंड असतील तर पहिला. परजीवी किंवा त्याचा डीएनए सापडला आणि प्रजाती ओळखली तर दुसरा. झेनोडायग्नोसिसमध्ये माशीला लागण झाली असेल तर तिसरा. चौथा शेरा लिहायचा तर चाव्यांची टक्केवारी, परजीवी टिकण्याचा काळ आणि थोपवण्याच्या प्रयोगाचा निकाल त्याच पानावर जोडलेला असला पाहिजे.